कोल्हापुरी चप्पल पोस्टानं नेदरलँडला: आयईसीपासून बँकेत युरो येईपर्यंत

आमच्या घरच्या चपला परदेशात जाणं नवीन नाही. कुणाचा तरी भाचा निघतो, त्याच्या बॅगेत दोन जोड जातात, पैसे इथला मामा देतो, विषय संपला. पण स्वतःच्या नावानं बिल करून, कस्टम्सला सांगून, पैसे बँकेत परकीय चलनात घेऊन पाठवायचं ठरवलं तेव्हा आम्हाला फेब्रुवारी २०२५ ते ऑगस्ट २०२५ असे सहा-सात महिने लागले. त्यातले निदान तीन महिने तरी वाचले असते जर कुणी सुरुवातीलाच नीट सांगितलं असतं, म्हणून सगळं क्रमानं लिहून काढतेय. मोठे एक्सपोर्टर कंटेनर भरतात, त्यांच्यासाठी हे नाही. ज्यांचा माल खोक्यात मावतो त्यांच्यासाठी आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नेदरलँडच्या उट्रेख्टमधल्या एका मराठी मंडळाचा मेसेज आला, गणपतीतल्या ढोल पथकासाठी १४ जोड हवेत, आधी दोन नमुन्याचे पाठवा. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "एवढं कशाला इचारतीस, पोस्टात टाकलं की जातंय की." मीही तसंच धरून चालले होते. एका ओळखीच्यांनी तर सांगितलं की गिफ्ट म्हणून लिही आणि टाक. पण मंडळाला हिशोबासाठी पक्कं बिल हवं होतं आणि पैसे ते त्यांच्या बँकेतून पाठवणार होते. गिफ्ट म्हणून वस्तू गेली आणि बँकेत युरो आले तर बँक विचारणारच की हे कशाचे. आणि खोटं लिहून धंदा सुरू करायचा हे आप्पांनाही पटलं नसतं.

मग चौकशी सुरू केली. एका एजंटनं आयईसी काढून द्यायचे ८,००० सांगितले. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड, तो डीजीएफटी देते, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय. हा नंबर नसेल तर धंद्याचा माल देशाबाहेर पाठवता येत नाही, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातच तसं आहे. मी ८,००० द्यायच्या तयारीत होते, तेवढ्यात जिल्हा उद्योग केंद्रात नवीन निर्यातदारांसाठी एक दिवसाचं शिबिर आहे असं कळलं, फी काही नाही. १८ फेब्रुवारीला मी आणि आप्पा दोघंही गेलो. तिथं पहिल्या अर्ध्या तासात कळलं की आयईसीची सरकारी फी फक्त ₹५०० आहे आणि अर्ज घरून पोर्टलवर करता येतो.

त्या शिबिरातली एक गोष्ट मला पुढं सगळ्यात उपयोगी पडली. तिथल्या अधिकाऱ्यांनी फळ्यावर पाच नावं लिहिली. डीजीएफटी वाणिज्य मंत्रालयाकडं, कस्टम्स अर्थ मंत्रालयाकडं, परकीय चलन रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी आणि आपल्या बँकेमार्फत, जीएसटी वेगळं, आणि पोस्ट दळणवळण मंत्रालयाकडं. ते म्हणाले की पाची जण तुम्हाला एकच विचारणार आहेत, कोण पाठवतंय, काय पाठवतंय, किती किमतीचं आणि पैसे कुठून येणार. पाची ठिकाणी उत्तर अक्षरन् अक्षर एक ठेवा. मी ते वहीत लिहून घेतलं पण त्याचा अर्थ महिनाभरानं कळला.

आयईसीचा अर्ज २१ फेब्रुवारीला केला. पॅन, पत्त्याचा पुरावा, कॅन्सल केलेला चेक, आधारवरून ई-साइन. धंदा आप्पांच्या नावावर आहे म्हणून सगळं त्यांचं. आणि इथंच अडकलं. पॅनवर आडनाव शेवटी आणि आजोबांचं पूर्ण नाव, बँकेत आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर, आधारवर आप्पांच्या नावात एक 'आ' जास्त. इथं चपला विकताना चाळीस वर्षं कुणाला काही फरक पडला नाही, पण आता प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याशी नाव ताडून बघतं. आधार दुरुस्तीला बारा दिवस लागले, बँकेतलं नाव बदलायला आणखी तीन आठवडे, दर वेळी काउंटरवर नवीन कागद सांगितला जायचा. आप्पा एकदा बाहेर पायरीवर बसून राहिले, म्हणाले मला हातानं चप्पल करायला दोन दिवस लागतात आणि माझं नाव सारखं करायला दोन महिने. मला तेव्हा खूप वाईट वाटलं, कारण मीच त्यांना यात ओढलं होतं.

तर पहिली गोष्ट ही, की आयईसीच्या पोर्टलवर जायच्या आधी पॅन, आधार, बँक आणि जीएसटी चारही समोर ठेवून नावाचं स्पेलिंग बघा. बाकी सगळं नंतर. नावं जुळल्यावर २ एप्रिलला परत अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवशी आयईसी मेलवर आला. नंबर म्हणजे आपला पॅनच असतो, वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन तो अपडेट करायचा, काही बदल नसला तरी 'बदल नाही' असं कळवायचं, नाहीतर कोड बंद पडतो. त्या खिडकीत अपडेटला पैसे लागत नाहीत.

एप्रिलमध्येच एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरली. निर्यातीवर जीएसटी भरायचा नसेल तर जीएसटीच्या पोर्टलवर आरएफडी-११ नावाचा फॉर्म भरून हमी द्यायची, की माल खरंच बाहेर जाईल. ती एका आर्थिक वर्षापुरतीच असते, म्हणून मार्चमध्ये त्या चालू वर्षाची भरली असती तर एप्रिलला परत भरावी लागली असती. दहा मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत.

एडी कोडला मात्र वेळ गेला. आमचं खातं एका सहकारी बँकेत, तिथं परकीय चलनाचं कामच होत नाही. मग दुसऱ्या बँकेत चालू खातं उघडलं, तेही जिच्या शाखेत फॉरेक्स बघतात अशा बँकेत. एडी म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करायला रिझर्व्ह बँकेनं अधिकार दिलेली बँक, तिच्या कोडचं पत्र लेटरहेडवर घ्यायचं आणि ते कस्टम्सच्या आयसगेट पोर्टलवर नोंदवायचं. खातं उघडून पत्र हातात यायला २६ मे उजाडला. पत्रात खाते क्रमांक, आयईसी आणि नाव नीट आहे का ते बँकेतच उभं राहून वाचा, मी घरी येऊन वाचलं, आयईसीचा एक आकडा चुकला होता, परत एक हेलपाटा.

एजंट लोक आणखी एक प्रमाणपत्र लगेच काढायला लावतात, आरसीएमसी, म्हणजे निर्यात परिषदेची नोंदणी. चामड्यासाठी ती लेदर एक्सपोर्ट कौन्सिलकडून मिळते, ऑफिस चेन्नईला. शिबिरात मी मुद्दाम विचारलं होतं, तर उत्तर मिळालं की धोरणातले फायदे घ्यायचे असतील, परदेशातल्या प्रदर्शनात जायचं असेल तेव्हा ती लागते, पहिले दोन जोड पाठवायला लागत नाही. आम्ही ती अजून काढलेली नाही, पुढच्या वर्षी काढू.

आता पोस्ट. कुरिअरचे दर ऐकून आम्ही थंड पडलो होतो, मंडळानंही नको म्हटलं असतं. मग डाक घर निर्यात केंद्राबद्दल कळलं. पोस्टानं देशभरात अशी हजारावर केंद्रं काढलीत, तिथून छोट्या माणसाला कस्टम्स एजंट न लावता निर्यात करता येते. पूर्वी कस्टम्सच्या कामासाठी फॉरेन पोस्ट ऑफिसपर्यंत जावं लागायचं म्हणे, म्हणजे आमच्यासाठी मुंबई. २०२२ मध्ये नियम बदलले आणि पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट, म्हणजे पोस्टानं जाणाऱ्या मालाचा कस्टम्सला द्यायचा तपशील, ऑनलाइन भरता यायला लागलं, म्हणजे पार्सल इथं बुक करायचं, ते मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसला जातं आणि तिथले कस्टम्स अधिकारी कॉम्प्युटरवर आपलं बिल बघून सोडतात. घराजवळच्या छोट्या पोस्टात हे काम होत नव्हतं, हेड पोस्टात गेले तर तिथल्या ताईंनी शेजारी बसवून घेऊन नोंदणी करून दिली, एक पैसा न घेता. त्यांचं नाव लिहीत नाही पण त्या नसत्या तर हा लेख नसता.

बिल भरताना एचएस कोड विचारतात. जगभरच्या कस्टम्सनी प्रत्येक वस्तूला एक आकडी नाव दिलेलं आहे, पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. मी चामड्याच्या चपला म्हणून शोधत बसले आणि ६४०३२० वर आले. त्याचं वर्णन असं, तळ चामड्याचा, आणि वर चामड्याचे पट्टे, एक पायावरून जाणारा आणि एक अंगठ्याभोवतीचा. मी मोठ्यानं वाचलं तर आप्पा हातातली अरी खाली ठेवून म्हणाले, "ही तर आपलीच की गं." खरंच, पट्टा आणि अंगठा, जसं आम्ही घरात बोलतो तसंच. कुठल्या तरी परदेशी टेबलावर बसून कुणीतरी आमच्या चपलेचं इतकं नेमकं वर्णन लिहून ठेवलंय याचा मला फार आनंद झाला. बिलात सहा नाही तर पूर्ण आठ आकडे लागतात, पुढचे दोन आपल्या देशाच्या टॅरिफमधून बघायचे.

जूनमध्ये मिलानच्या फॅशन वीकमध्ये आपल्यासारख्याच चपला झळकल्या आणि सगळीकडे कोल्हापुरीची चर्चा सुरू झाली. आमच्या इन्स्टाग्रामवर आठवड्याभरात चाळीसएक चौकश्या आल्या, त्यातल्या बऱ्याच बाहेरच्या. कागद तयार होते म्हणून त्यांना 'हो पाठवू शकतो' असं उत्तर देता आलं.

१४ जुलैला नमुन्याचे दोन जोड बुक केले. किंमत ₹४,८०० आणि पोस्टेज त्याच्या जवळपास निम्मं. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते म्हणून आठ दिवस सावलीत सुकवले, बटर पेपरमध्ये गुंडाळले, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, ओल लागली की शाई पट्ट्यावर उतरते. पार्सलचं वजन घरी करून बिलात भरलं होतं, पण काउंटरवर टेपसकट ६० ग्रॅम जास्त भरलं, मग दुरुस्ती. वजन पूर्ण पॅक झाल्यावरच करा.

१७ जुलैला कस्टम्सची क्वेरी आली. मी वर्णनात फक्त 'लेदर चप्पल' लिहिलं होतं, त्यांनी विचारलं चामडं कुठल्या प्राण्याचं. पहिल्यांदा छातीत धस्स झालं, वाटलं पार्सल जप्त होणार. पण प्रश्न रास्त होता, वन्यप्राण्यांच्या चामड्यावर बंदी आहे, कच्च्या कातड्याचे नियम वेगळे, आणि मुंबईतल्या अधिकाऱ्याला बंद खोक्यातलं काय दिसणार. मी पोर्टलवर लिहिलं, तळ आणि पट्टा म्हशीच्या चामड्याचा, वेणी शेळीच्या, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, हातानं शिवलेलं. चामडं घेतल्याचं बिल जोडलं. २१ ला पार्सल सुटलं, ३० जुलैला उट्रेख्टला पोचलं. आता मी वर्णनाच्या रकान्यात हे वाक्य आधीच टाकते आणि तेव्हापासून एकही क्वेरी आलेली नाही.

मग मोठी ऑर्डर, १४ जोड, ₹३३,६००. इथं एक पेच आला. युरोपियन युनियनमध्ये २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पार्सलवर व्हॅट लागतो, नेदरलँडला २१ टक्के. पण तेव्हा, २०२५ मध्ये, किंमत १५० युरोच्या आत असेल तर कस्टम ड्यूटी लागत नव्हती. मंडळातल्या एकांनी सुचवलं की तीन पार्सलं करा, प्रत्येक १५० च्या आत. मी रात्रभर विचार केला. एकच ऑर्डर, एकच बिल, एकच घेणारा, मग मुद्दाम तोडून पाठवणं म्हणजे तिथल्या कस्टम्सपासून लपवणंच झालं, आणि पकडलं गेलं तर गणपतीच्या आधी चपला मिळणारच नाहीत. मी त्यांना फोन करून स्पष्ट सांगितलं, एकच खोकं पाठवते, पूर्ण किंमत लिहिते, तुमची ड्यूटी आणि व्हॅट आधीच बजेटमध्ये धरा. त्यांनी ते मान्य केलं. घेणाऱ्याला तिथं किती भरावं लागेल हे ऑर्डर घेतानाच सांगा, नाहीतर दारात पोस्टमन पैसे मागतो आणि गिऱ्हाईकाला वाटतं आपण फसवलं.

४ ऑगस्टला बुक केलं, २० ला पोचलं. २७ ला गणेश चतुर्थी होती. पथकाचा व्हिडिओ आला तेव्हा आई ढोल ऐकतच नव्हती, सगळ्यांच्या पायाकडं बघत होती.

पैसे आगाऊ मागितले होते. बँकेनं पर्पज कोड विचारला, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड, मालाआधी पैसे आले तर पी०१०३, हा आधी माहीत असेल तर फोनाफोनी वाचते. मधल्या बँकेनं चार्ज कापल्यामुळं बिलापेक्षा रक्कम थोडी कमी आली, त्यामुळं पाठवणाऱ्याला सगळे चार्जेस त्यांच्याकडं ठेवायला सांगा, त्यांच्या बँकेच्या फॉर्ममध्ये तसा पर्याय असतो. नंतर बँक पैसे आल्याची नोंद डीजीएफटीकडं पाठवते आणि तिच्यावरून आपणच पोर्टलवर ईबीआरसी तयार करायचं, म्हणजे या निर्यातीचे पैसे देशात आले याचा दाखला. २०२३ पासून हे आपलं आपण करता येतं. हे राहिलं तर ती निर्यात कागदोपत्री उघडीच राहते, म्हणून टाळू नका.

याच सुमाराला अमेरिकेचं घडलं. न्यू जर्सीच्या एका ताईंचे तीन जोड पॅक होऊन तयार होते. तिकडं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्यूटीची सूट २९ ऑगस्टपासून बंद होणार होती आणि नवीन पैसे कसे गोळा करायचे हेच ठरलेलं नसल्यानं विमान कंपन्या पार्सलं घेईनात, म्हणून आपल्या पोस्टानं २५ ऑगस्टपासून तिकडचं बुकिंग थांबवलं. मी २५ लाच खोकं घेऊन गेले होते. ते खोकं सात आठवडे आमच्या माळ्यावर होतं. १५ ऑक्टोबरला बुकिंग परत सुरू झालं, पण ड्यूटी इथंच आधी भरावी लागली, तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के. ताईंना सांगितलं, त्या म्हणाल्या दोनच जोड पाठव. ₹४,८०० च्या मालावर ₹२,४०० ड्यूटी. दिवाळीच्या आधी गेलं ते. एकाच देशाच्या भरवशावर राहायचं नाही असं आम्ही घरात ठरवलं.

सप्टेंबरमध्ये एका डच दुकानानं विचारलं, तीस जोड घेऊ पण क्रोमियम सहाचा, म्हणजे चामड्यात राहू शकणाऱ्या त्वचेला घातक रसायनाचा, रिपोर्ट द्या. युरोपात २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात ते किलोला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच लागतं. मला वाटलं आपलं झाडपाल्याचं कमावलेलं, आपल्याला काय भीती. तरी एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, तिच्या मान्यतेच्या लॅबला सगळ्या चामड्यांचे तुकडे पाठवले, तळ, पट्टा, वेणी, आणि आतला लाल रंगाचा अस्तराचा तुकडा जो आम्ही बाजारातून तयार आणतो. बारा दिवसांनी रिपोर्ट आला, तीन साफ, अस्तर मर्यादेच्या वर. म्हणजे इतकी वर्षं तेच पायाला लागत होतं, इथल्या गिऱ्हाईकांच्याही. त्या दिवसापासून लाल अस्तर बंद केलं, इथल्या चपलांतही. दुकानाला नवीन नमुन्याचा रिपोर्ट पाठवलाय, अजून ऑर्डर पक्की झालेली नाही.

शेवटचं काम सध्या चालू आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीला मिळून, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ते मानांकन आपल्याकडच्या आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, पण ते वापरायला प्रत्येक कारागिरानं चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचं असतं. फॉर्म जीआय-३ए, फी फक्त ₹१०. आमच्या गल्लीत चौकशी केली तर बऱ्याच जणांनी भरलेलाच नाही, काहींना माहीतच नव्हतं. आम्ही काल भरला. नावाच्या रकान्यात आप्पांनी स्वतः लिहिलं, पॅनवर आहे तसंच, आडनाव शेवटी, आजोबांचं नाव पूर्ण, आणि लिहून झाल्यावर पॅन कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं ताडून बघितलं. उद्या स्पीड पोस्टानं चेन्नईला जाईल. शेजारच्या काकांचा पण फॉर्म भरायचाय, त्यांचं आधार आणि पॅन घेऊन ते संध्याकाळी येणार आहेत.